दादाचा सत्कार

शहापूरच्या फुटबॉल क्लबाने माझ्या भावाचा सत्कार केला, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. लोक अजून मला त्याबद्दल कौतुकाने विचारतात. तुमच्या भावाला क्लबाने शाल दिली होती ना, हॉलमध्ये फोटो लावला होता ना? मी हो म्हणते आणि विषय बदलते. खरं सांगायला बसले की माझा आवाज चढतो, आणि शाळेतून निवृत्त झालेल्या बाईने चारचौघांत आवाज चढवलेला लोकांना आवडत नाही. इथे कुणी मध्ये बोलणार नाही, म्हणून सगळं सांगते.

आमचं घर शेणव्याला. खाली भाताची खाचरं, वर माळावर नाचणी आणि वरी. दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. आटगाव स्टेशनाजवळ लाकडाची वखार होती, तिथे तो मालगाडीत ओंडके भरायला जाई. वखार शहापूरच्या एका शेटची होती आणि फुटबॉल क्लबाचा अध्यक्षही तोच शेट. जंगल खात्याचे साहेब, वकील, कंत्राटदार अशा मंडळींना संध्याकाळी एकत्र बसायला जागा हवी होती, म्हणून हा क्लब निघाला. कौलारू हॉल, वेताच्या खुर्च्या, पत्त्यांची टेबलं, भिंतीवर तसबिरी. बॉलला पाय लावणारे लोक मात्र वेगळेच. ते वखारीतले हमाल, रेल्वेचे खलाशी आणि आसपासच्या पाड्यांवरचे तरुण. हॉलच्या पायऱ्यांपर्यंत त्यांची हद्द.

त्यांना खेळाडू बनवलं ते हवालदारांनी. हवालदार मुरबाडकडचे, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावचे. पहिल्या लढाईत ते बसऱ्याला गेले होते आणि तिथे छावणीत गोऱ्या शिपायांबरोबर खेळून फुटबॉल शिकले होते. परत आल्यावर शेटच्या वखारीवर रखवालदार म्हणून लागले. एकदा गाडीत चढवताना ओंडका घसरला. दोघे जण ओरडत मागे पळाले आणि दादा जागच्या जागी उडी मारून ओंडक्याच्या वरून पलीकडे गेला. हवालदारांनी ते पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "संध्याकाळी माळावर ये रे."

त्या संध्याकाळपासून दादा त्यांचा झाला. खरा कातड्याचा बॉल क्लबाच्या कपाटात कुलपात असे, मॅचच्या दिवशीच बाहेर निघे. सरावाला हवालदार पोत्याच्या तुकड्यात पेंढा भरून गोळा शिवून आणत. तो गोळा उसळत नसे, पावसात भिजला की दगडासारखा जड होई. दादा म्हणे, "त्या गोल्यावर शिकलो म्हनून खरा बॉल मला पिसासारखा वाटतो." हवालदार ओरडत नसत. चुकलेल्या माणसाजवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवत आणि तीच गोष्ट पुन्हा करायला लावत, जमेपर्यंत. दादाला शिव्या खायची सवय होती, घरी आणि वखारीत दोन्हीकडे. अंगावर न ओरडता कुणी शिकवू शकतं हे त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

मॅची असत पावसाळ्यात, माळ ओला असताना, आणि आमची आवणीही तेव्हाच. रोपं उपटायची, मुठी बांधायच्या, चिखलात दिवसभर वाकून लावायच्या. घरात धडधाकट पुरुष दोन, बाबा आणि दादा. दादा मॅचला गेला की त्याच्या वाट्याचं खाचर माझ्याकडे आणि आईकडे. डोक्यावर इरलं, पायाची बोटं चिखल्यांनी कुजलेली, आणि आई बडबडते आहे, "लात मारायला गेला माझा लेक, नि कंबर मोडते माझी." तिची कंबर पुढे खरोखरच वाकली ती वाकलीच. क्लबाने इगतपुरीच्या संघाला हरवून आणलेला चांदीचा कप हॉलच्या टेबलावर झळकत होता तेव्हा शहापुरात कुणालाही आमच्या खाचराची आठवण झाली नाही. होणार कशी? आत खुर्च्यांवर शेट आणि मंडळी चहा पीत होती. ज्यांनी गोल केले ते पायऱ्यांवर बसून कागदातला चिवडा खात होते, आणि त्यांचे चहाचे पेले वेगळे, हॉलमागच्या कोनाड्यात पालथे घालून ठेवलेले.

क्लबाला आपल्या थोर माणसांचा सत्कार करायची भारी हौस होती. दिवाळीनंतर वर्धापनदिन येई. मांडव पडे, सनई लागे, आणि एका 'थोर माजी खेळाडू'ला मखमलीच्या खुर्चीवर बसवून शाल, नारळ आणि हार देत. मग त्याची तसबीर हॉलमध्ये लागे. पहिला मान शेटच्या मेव्हण्याला मिळाला. तो कोट घालून एकदा गोलात उभा राहिला होता आणि बॉल येताना पाहून बाजूला झाला होता, हे माझ्या भावाने डोळ्यांनी पाहिलं होतं. नंतर एका वकिलाला, का तर तो शिटी फुंकत असे. नंतर बदली होऊन जाणाऱ्या एका अंमलदाराला. त्याने मैदानाला काठाने चक्कर मारली होती खरी, पण घोड्यावरून. हे सगळे थोर खेळाडू. आणि दरवर्षी त्या मांडवाचे बांबू उभे करणारे, बाकं वाहणारे, पाणी भरणारे कोण? ज्यांनी कप जिंकले ते. दादा हे हसत हसत सांगे. मी लहान होते, पण तेव्हाही मला हसू येत नसे.

मग ती रेल्वेच्या संघाबरोबरची मॅच झाली. त्या संघाच्या पायात जाड बूट, आमचे सगळे अनवाणी. दादा बॉल घेऊन गोलापर्यंत पोचला होता तेव्हा एकाचा बूट त्याच्या गुडघ्यावर बसला. गोल झाला, माळभर आरडाओरडा झाला, मॅच जिंकली, आणि दादा चिखलातून उठला नाही. शेटने गाडीवानाला सांगून त्याला बैलगाडीतून घरी पाठवलं. गाडीत त्याच्या उशाशी एक नारळ ठेवला होता. "पाय बरा झाला की ये," असा निरोप.

पाय बरा झाला नाही. हाडं बसवणाऱ्याने काठ्या बांधल्या, पाला लावला, सगळं केलं. गुडघा ताठ राहिला. ओंडका उचलणं गेलं, नांगरामागे चालणंही गेलं. दादा काठी टेकत वखारीत गेला तर मुकादमाने दारातूनच परत पाठवला, लंगड्याला इथे काय काम म्हणून. वखार कुणाची ते मी वर सांगितलंच आहे.

क्लबातून घरी आले ते एकटे हवालदार. सुट्टी मिळेल तेव्हा चालत येत. दादाच्या पायाला तेल चोळत बसत आणि गप्पा मात्र त्याच्या पायाच्या नसत, दुसऱ्याच कशाच्या तरी असत. त्यांनी शेटकडे जाऊन दादाला बसून करायचं काम द्या असं सांगितलं होतं. त्यावरून बोलाचाली झाली आणि थोड्याच दिवसांत त्यांचीही नोकरी गेली. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. आम्हाला बाजारात कळलं. ते मुरबाडकडे आपल्या गावी निघून गेले आणि शेती करू लागले.

पुढे माझं लग्न मुरबाडला झालं. सासरे मराठी शाळेत मास्तर होते. त्यांनीच मला शिकवून फायनलच्या परीक्षेला बसवलं आणि मी शाळेत शिकवायला लागले. हवालदार बाजाराला आले की आमच्या ओट्यावर टेकत, दादाची चौकशी करत. दुसरी लढाई चालू होती, सिद्धगडाच्या रानात पोलिसांचा वावर वाढला होता, त्या काळात ते तापाने गेले. मूल नव्हतं, मागे बायको एकटी. क्लबाला निरोप पोचला होता. त्या दिवशी क्लबाची मॅच होती आणि ती ठरल्याप्रमाणे झाली.

लढाई संपल्यावर शहापुरात मुंबईचा एक रेल्वेतला साहेब आला. आपलाच मराठी माणूस, तरुणपणी आमच्या क्लबाविरुद्ध खेळलेला. जेवताना त्याने सहज विचारलं, "तुमचा तो अनवाणी सेंटर फॉरवर्ड कुठे असतो? तसा खेळ मी पुन्हा पाहिला नाही." शेटला रेल्वेकडून लाकडाचं काम हवं होतं. झालं. इतकी वर्षं ज्याची आठवण नव्हती तो दादा एका जेवणात थोर खेळाडू झाला. वर्धापनदिनाला साहेब पाहुणा आणि सत्कार माझ्या भावाचा, असं ठरलं.

शेटचा माणूस शेणव्याला आला तेव्हा दादाने एकच गोष्ट मागितली. "हवालदारांच्या बायकोला पन बोलवा. आमाला घडवलं त्यांनी. त्यांचा मान त्या घेतील."

"हो हो, त्यांचाही करू," माणूस म्हणाला.

दादाने मला निरोप धाडला. मी हवालदारांच्या गावी जाऊन त्यांच्या बायकोला, काकूंना, सांगितलं. काकू साठीच्या पुढे गेलेल्या, अंगाने काटकुळ्या. त्यांनी दोनदा विचारलं, "यांचा सत्कार? शहापुरात?" मग ट्रंकेतून लग्नातलं लुगडं काढून उन्हात टाकलं. आम्ही दोघी बैलगाडीने सरळगाव, किन्हवली करत शेणव्याला आलो आणि तिथून दादाला घेऊन शहापूरला पोचलो.

हॉलमागे फोटोवाला कॅमेरा लावून बसला होता. दादाला पाटावर उभं केलं आणि क्लबाच्या चिटणिसाने कुणाचे तरी बूट आणले.

दादा म्हणाला, "मी बुटात कधी खेललो नाय."

"अनवाणी फोटो बरा दिसत नाही. भिंतीवर लागायचा आहे," चिटणीस म्हणाला.

बूट लहान होते. ताठ गुडघ्याच्या पायात ते जाईनात. दोघांनी खाली बसून, पाय धरून ते कोंबले. दादा भिंतीला हात लावून उभा होता. एका बुटानेच त्याचा गुडघा गेला होता, आणि आता हे लोक त्याच पायात बूट कोंबत होते. मी चिटणिसाला म्हटलं, "त्याला दुखतंय." तो म्हणाला, "एक मिनिट, बाई." दादाने मला नजरेने गप्प केलं.

मांडवात बायकांची जागा मागे, बांबूच्या चिकाच्या पडद्याआड. काकू माझ्या शेजारी बसल्या. डोक्यावरून पदर घेतलेला, हात मांडीवर. शेट बोलायला उठला. क्लबाने हा हिरा कसा शोधला, क्लबाने त्याला कसं शिकवलं, वाढवलं, तो जखमी झाला तेव्हा क्लब त्याच्या पाठीशी कसा उभा राहिला. अगदी ठसक्यात बोलत होता. "आमच्या हमालांतून आम्ही खेळाडू घडवले," असं म्हणाला. आम्ही! शेट एक वाक्य संपवून थांबला की काकू ताठ बसत. आता नाव येणार. पुढचं वाक्य सुरू झालं की पुन्हा सैल होत. असं भाषणभर चाललं. मला शेटकडे बघवेना आणि काकूंकडे तर मुळीच बघवेना.

दादाला शाल घातली. साहेबाने त्याचा हात हातात घेऊन तो गोल आठवून सांगितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादाला दोन शब्द बोल म्हणाले, तर तो उठून, "सगल्यांचा आभारी हाय," एवढं म्हणून बसला. पुढे काहीतरी बोलायचं होतं त्याला, ओठ हलले होते. पण सनई सुरू झाली आणि लोक चहाकडे उठले.

काकू हळूच म्हणाल्या, "झालं वाटतं गो."

मी पडद्याबाहेर आले आणि सरळ खुर्च्यांपाशी गेले. बायका तिकडे जात नसत. शेट साहेबाला कपबशी देत होता.

"हवालदारांचं नाव राहिलं," मी म्हटलं.

त्याने मला ओळखलं नाही. "कोण हवालदार?"

"ज्यांनी तुमचा संघ उभा केला. तुमच्या वखारीवर होते. त्यांच्या बायकोला तुम्ही बोलावून घेतलंय. त्या मुरबाडहून आल्यात."

"अच्छा, अच्छा. वेळ थोडा होता, बाई. पुढच्या वर्षी बघू." मग गड्याकडे वळून म्हणाला, "त्यांना चहा द्या रे. कपबशीत द्या."

मला खूप बोलायचं होतं. चिवडा, कोनाड्यातले पेले, गाडीतला नारळ, मुकादम, सगळं घशाशी आलं होतं. साहेब खाली मान घालून चहा ढवळत होता. त्याला सगळं समजलं होतं, हे मला त्याच्या मानेवरून दिसत होतं. तेवढ्यात दादाने मागून हाक मारली, "चल गो बाय, गाडी जुंपलीय." मी निघाले.

परतीच्या वाटेवर काकू गाडीत पुढे बसून पेंगत होत्या. मी दादावर तुटून पडले. "तू का नाय बोललास? तुझ्या तोंडात काय मूग होते? त्यांनी तुझी नोकरी घेतली, हवालदारांची घेतली, नि तू हात जोडून आभार मानलेस."

दादा शालीच्या काठावरून बोट फिरवत होता. म्हणाला, "मला बरं वाटलं गो. तो साहेब बोलला ना त्या गोलाबद्दल, तसं कुनी कधी बोललं नव्हतं. तुला राग आलाय, तर तू कर राग. माज्या वाट्याचा पन कर. मला आज जमनार नाय."

त्याला एक दिवस आनंदात काढायचा होता आणि तोही त्यांनी त्याला असा नासवून दिला होता की त्याच्या बहिणीला त्यात सुख वाटू नये. माझा राग त्यामुळे वाढलाच.

काही आठवड्यांनी दादा एकटाच बाजाराच्या दिवशी शहापूरला गेला. हे त्याने मला नंतर सांगितलं. हॉलमध्ये भिंतीवर त्याचा फोटो लागला होता, बुटांसकट, शेटच्या मेव्हण्याच्या शेजारी. पत्ते खेळत बसलेल्या शेटपुढे उभं राहून तो म्हणाला, "शेट, हवालदारांची तसबीर लावा."

"त्यांचा फोटो आहे का तुझ्याकडे?"

"नाय."

"मग काय लावू भिंतीला? त्यांचं नाव?"

"नाव लावा. चालंल."

खेळणारे हसले. शेट म्हणाला, "अरे, तो आमच्या वखारीचा रखवालदार होता. नोकराची तसबीर हॉलमध्ये लावायची का?"

"मी पन नोकरच होतो. मग माजी कशाला लावली?"

शेटने हातातलं पान टाकलं आणि पुढचा डाव मांडला. दादाने एक स्टूल ओढलं. ताठ पाय घेऊन स्टुलावर चढणं त्याला सोपं नव्हतं. हॉलचा गडी आमच्याच बाजूच्या पाड्यावरचा, त्याने न सांगता येऊन स्टूल धरलं. दादाने फोटो खिळ्यावरून काढला, काखेत घेतला आणि पायऱ्या उतरून निघाला. "ती क्लबाची वस्तू आहे," असं मागून कुणीतरी म्हणालं. दादा म्हणाला, "घ्यायला या मग शेणव्याला." कुणी आलं नाही. त्या गड्याला मात्र दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नको म्हणून सांगितलं.

फोटो घरी आणून दादाने विळ्याच्या टोकाने त्यातले बूट खरवडून काढले. पाय राहिले नाहीत, नुसता पांढरा ओरखडा राहिला. मग तो फोटो त्याने कुठेच लावला नाही, माळ्यावर टोपल्यांमागे टाकला. शाल मात्र त्याने वापरली. थंडीत गुरं राखायला जाताना अंगावर घेई. चांगली उबदार होती, असं म्हणे.

पुढच्या वर्षी क्लबाने सत्कार कुणाचा केला? शेटचा. संघाचा 'संस्थापक आणि शिक्षक' म्हणून. तसबीर दादाच्या रिकाम्या खिळ्यावर लागली. मला ते शाळेत एका पालकाने सांगितलं, मोठ्या अभिमानाने, आणि मी फळा पुसत उभी राहिले.

काकू त्यानंतर थोडीच वर्षं होत्या. मुरबाडच्या बाजारात भेटल्या की ओट्यावर येऊन बसत. एकदा त्यांच्या गावची एक बाई बरोबर होती. ती मला म्हणाली, "शहापूरला हवालदारांचा केवढा मोठा सत्कार झाला ना? या सांगतात. मुंबईच्या साहेबाने नाव घेतलं म्हणे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नि यांना कपबशीतून चहा दिला."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत विनवणी वगैरे काही नव्हती. सरळ पाहिलं, मी काय म्हणते ते ऐकायला.

"हो," मी म्हटलं. "मी होते तिथे."

त्या बाईने मान डोलावली आणि दोघी बाजाराकडे निघाल्या. काकू पुढे, ती मागे. मी शाळेच्या वाटेला लागले. शेटने त्या म्हातारीला आपल्याच नवऱ्याचा मान स्वतःच्या तोंडाने खोटा रचायला लावला, आणि मला त्याला हो म्हणायला लावलं. दादाचा गुडघा, आईची कंबर, गड्याची नोकरी यांबद्दल कधीतरी मी थंडपणे बोलू शकेन. याबद्दल नाही.